रिअ‍ॅलिटी थेरपीची पहिली सत्रे: सांगली-मिरजेकडच्या नव्या समुपदेशकांसाठी

समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून सांगली, मिरज, तासगाव किंवा विटा येथे पहिल्यांदा समुपदेशकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य अनेकदा ऐकू येते: "आता तुम्हीच सांगा, मी काय करू?" समोरची व्यक्ती रजा टाकून, एसटीने दोन तासांचा प्रवास करून आणि घरी काहीतरी वेगळेच कारण सांगून आलेली असते, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा नेमका सल्ला हाती पडावा ही तिची अपेक्षा रास्तच असते. रिअ‍ॅलिटी थेरपी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती हा प्रश्न त्या व्यक्तीकडेच परत नेते. तो परत नेताना "यांनी तर मला काहीच सांगितले नाही" असे तिला वाटू नये, यातच या पद्धतीचे बहुतेक कौशल्य आहे आणि हा लेख मुख्यतः त्या कौशल्याविषयी आहे.

पद्धत कोठून आली

विल्यम ग्लासर (१९२५–२०१३) हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आधी रसायन अभियांत्रिकी शिकले आणि नंतर वैद्यकशास्त्राकडे वळले. १९५० च्या दशकात त्यांचे प्रशिक्षण झाले तेव्हा तेथे मनोविश्लेषणाचा पगडा होता आणि रुग्णाच्या बालपणात खोलवर जाऊन दुखण्याचे मूळ शोधणे हेच उपचाराचे मुख्य काम मानले जाई. ग्लासर यांना ते पटेना. कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथे, गुन्ह्यांत सापडलेल्या किशोरवयीन मुलींसाठी असलेल्या सरकारी संस्थेत काम करताना त्यांनी मुलींच्या गतायुष्याचे उत्खनन बाजूला ठेवले आणि आज काय चालले आहे, त्यातून हवे ते मिळते आहे का, या प्रश्नांवर भर दिला. १९६५ मध्ये या पद्धतीचे त्यांचे पुस्तक आले. पद्धतीमागचा सिद्धांत त्यांनी पुढे सविस्तर मांडला. त्याला आधी 'कंट्रोल थिअरी' म्हणत आणि १९९६ पासून 'चॉइस थिअरी' म्हणू लागले. प्रत्यक्ष सत्रात वापरता येईल असा चार भागांचा आराखडा मात्र त्यांचे सहकारी रॉबर्ट वुबोल्डिंग यांनी दिला. त्याला 'डब्ल्यूडीईपी' म्हणतात आणि त्याचे मराठीत इच्छा, कृती, मूल्यमापन आणि योजना असे चार शब्द होतात.

सिद्धांतातले आवश्यक तेवढे

ग्लासर यांच्या मते माणसाच्या वागण्यामागे पाच मूलभूत गरजा असतात: जगणे आणि सुरक्षितता, प्रेम आणि आपलेपणा, सामर्थ्य म्हणजे काहीतरी जमल्याचे आणि आपल्याला किंमत असल्याचे समाधान, स्वातंत्र्य आणि मौज. या गरजा सर्वांना सारख्या असल्या तरी त्यांची तीव्रता माणसागणिक वेगळी असते, आणि घरातील पुष्कळ भांडणे ही एकाची आपलेपणाची गरज आणि दुसऱ्याची स्वातंत्र्याची गरज यांच्यातील असतात. प्रत्येकाच्या मनात या गरजा पुरवणारी माणसे, वस्तू आणि कल्पना यांच्या चित्रांचा एक अल्बमच असतो. ग्लासर त्याला 'क्वालिटी वर्ल्ड' म्हणतात. अल्बममधील चित्र आणि समोरची परिस्थिती यांत अंतर पडले की माणूस ते अंतर मिटवण्यासाठी काहीतरी करतो, आणि त्या वेळी सुचलेला सर्वांत चांगला उपाय म्हणूनच तो ते करत असतो, मग बाहेरून ते कितीही वेडेवाकडे दिसो.

हे 'काहीतरी करणे' चार अंगांचे असते: कृती, विचार, भावना आणि शरीरातील बदल. समजावण्यासाठी ग्लासर मोटारीचे उदाहरण देतात, ज्यात कृती आणि विचार ही पुढची दोन चाके असून भावना आणि शरीर ही मागची दोन आहेत. मागची चाके थेट वळवता येत नाहीत, परंतु पुढची वळवली की ती मागोमाग येतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींचे इंजिन पुढच्याच चाकांना जोर देत असल्यामुळे हे उदाहरण लोकांना लवकर पटते. ट्रॅक्टरचे उदाहरण मात्र देऊ नये. त्याचा जोर मागच्या चाकांवर असतो आणि तासगावचा द्राक्षबागायतदार ही चूक जागच्या जागी पकडतो.

मराठीतली अडचण, आणि तीच सोय

इंग्रजी पुस्तकांतून ही पद्धत शिकलेल्या नवशिक्याला येथे एक अडथळा येतो, ज्याची सूचना पुस्तकात नसते. ग्लासर भावनांची नामे आणि विशेषणे मोडून त्यांची क्रियापदे करतात. माणूस उदास 'असतो' असे न म्हणता तो 'उदासणे' करत आहे, अशा धर्तीचे शब्द ते वापरतात, जेणेकरून त्यातील कर्तेपण दिसावे. मराठीत हे हास्यास्पद होते. आपल्या भाषेत भावना माणसाकडे चालत येतात: मला राग येतो, मला टेन्शन येते, मला वाईट वाटते, मला झोप लागत नाही. या सगळ्या वाक्यांत बोलणारा कर्ता नसून भोगणारा आहे, आणि ही काही चूक नव्हे. आपली भाषा तशीच आहे व अनुभवही बऱ्याच अंशी तसाच असतो.

म्हणून "तुम्हाला राग येत नाही, तुम्ही तो निवडता" असे वाक्य कोणत्याही परिस्थितीत बोलू नये. सिद्धांताला धरून असले तरी ऐकणाऱ्याला ते आरोपासारखे लागते. त्याऐवजी 'मला'च्या वाक्याला मान द्यावा आणि त्याच्या पुढचे वाक्य मागावे, कारण ते आपोआप 'मी'चे होते. "मला फार राग येतो" असे कोणी म्हणाले की "राग येतो तेव्हा तुम्ही काय करता?" असे विचारावे. उत्तर "मी ताट ढकलून उठतो" असे येते, "मी चार दिवस बोलत नाही" असे येते, "मी बहिणीला फोन करून सगळे सांगते" असे येते. राग मागच्या चाकाचा आहे, ताट ढकलणे पुढच्या चाकाचे आहे, आणि आपले काम येथून सुरू होते. ही एक सवय पक्की झाली तर रिअ‍ॅलिटी थेरपीचे निम्मे तंत्र हाती आले असे माझे मत आहे.

पहिली पायरी: बसण्याजोगी जागा आणि बोलण्याजोगे नाते

चार भागांचा आराखडा वापरण्याआधी नाते जुळावे लागते. वुबोल्डिंग यांनी या वातावरणाला आराखड्याइतकेच महत्त्व दिले आहे, पण घाईत असलेला नवशिक्या नेमके तेच वगळतो. टीका, दोषारोप, तक्रार, टोचणी, धमकी, शिक्षा आणि वश करण्यासाठी दाखवलेले आमिष या सात सवयी नाती तोडतात, तर आधार, प्रोत्साहन, ऐकून घेणे, स्वीकार, विश्वास, आदर आणि मतभेदांवर बोलून मार्ग काढणे या सात सवयी नाती जोडतात, असे ग्लासर सांगतात. ही यादी समुपदेशनासाठी येणाऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःला लावून पाहावी. "मागच्या वेळी ठरलं होतं ना आपलं?" हे साधे वाटणारे वाक्यही टोचणीच असते.

व्यवहारातील काही गोष्टी येथेच सांगून टाकतो. सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचे ठेवावे. सोबत आलेल्या आईवडिलांना किंवा नवऱ्याला पहिली पाच-दहा मिनिटे ऐकून घ्यावे आणि मग आदराने बाहेर बसण्याची विनंती करावी. आपल्याकडे हे अवघड जाते, परंतु सासूसमोर कोणतीही सून स्वतःच्या इच्छेविषयी बोलत नाही. गोपनीयता आणि तिचे अपवाद, म्हणजे जिवाला धोका असेल तेव्हा घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे लागेल ही गोष्ट, सुरुवातीलाच स्पष्ट करावी. विशी-पंचविशीतील व्यक्तीलाही 'अहो-जाहो' करावे. या भागात वडीलधाऱ्याने 'अरे-तुरे' करणे हे प्रेमाचे लक्षण असले तरी त्या 'अरे'बरोबर सल्ला ऐकण्याची सवयही येते, आणि आपल्याला ती नको असते.

पहिल्याच भेटीत आत्महत्येचे विचार, घरातील हिंसा, व्यसन आणि चालू औषधे यांची थेट चौकशी करावी. त्यांपैकी काही असेल तर 'कोठे थांबावे' या भागात सांगितलेले आधी करावे.

'जबाबदारी' हा या पद्धतीचा आवडता शब्द आहे, पण मराठी कानाला तो बहुधा ओझ्यासारखा ऐकू येतो. मला येथे शेजारच्या साताऱ्याचे उदाहरण आठवते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग हाउस सुरू केले आणि तेथे मुले स्वतः कामे करून शिकत. पण काम हाती येण्याच्या आधी डोक्यावर छप्पर आणि जेवणाच्या पंगतीत जागा मिळत असे. समुपदेशनातही क्रम तोच ठेवावा: आधी जागा, मग जबाबदारी.

दुसरी पायरी: काय हवे आहे?

यापुढील पायऱ्यांसाठी एक उदाहरण घेऊ. ते शिकवण्यासाठी रचलेले आहे, कोणा एकाचे नाही. मात्र अशी माणसे या भागात रोज भेटतात. तासगाव तालुक्यातील एक २७ वर्षांचा तरुण चार वर्षे पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, आता गावी परतला आहे. घरी तीन एकर द्राक्षबाग आहे. वडिलांशी, म्हणजे आण्णांशी, त्याचे बोलणे जवळपास थांबले आहे. आईने त्याला पाठवले आहे.

"मला काही नको, मॅडम. आण्णांनी फक्त मला समजून घ्यावं."

ही इच्छा खरी आहे, पण ती दुसऱ्याच्या वागण्याविषयीची आहे. येथे "दुसऱ्याला आपण बदलू शकत नाही" असे प्रवचन देण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या इच्छेच्या आत शिरणारा प्रश्न विचारावा.

"समजा, आण्णांनी तुम्हाला समजून घेतलं. मग उद्या सकाळी तुम्ही काय वेगळं कराल?"

तो बराच वेळ गप्प राहतो. "त्यांच्याबरोबर बागेत जाईन. आता ते असतात तोवर मी खोलीतनं बाहेरच येत नाही."

या एका उत्तरात त्याच्या अल्बममधील चित्र दिसते: वडिलांबरोबर बागेत उभा असलेला मुलगा. परीक्षेतील पदाचे चित्रही असेल, त्याचीही चौकशी करावी. पद हवे आहे की पद मिळाल्यावर गावात मिळणारी किंमत हवी आहे, हे वेगळे करून पाहावे, कारण पद हे सामर्थ्याच्या गरजेचे एक चित्र आहे, गरज नव्हे, आणि एका गरजेची अनेक चित्रे असू शकतात. समुपदेशनाकडून काय हवे, घरच्यांकडून काय हवे, स्वतःकडून काय हवे आणि त्यासाठी किती खटपट करण्याची तयारी आहे, असे चार बाजूंनी विचारावे. शेवटचा प्रश्न विसरू नये. "बघूया की" आणि "करायलाच लागेल" यांत फार अंतर आहे.

तिसरी पायरी: सध्या काय चालले आहे?

येथे मोघम वर्णन स्वीकारू नये. "दिवसभर नुसता पडून असतो" हे वर्णन आईचे आहे, त्याचे नाही. त्याला कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावावा, एखाद्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखा. तो सांगतो की साडेदहाला उठलो, आण्णा बागेत गेले होते, चहा घेतला, बाराला अभ्यासिकेत गेलो, पुस्तक उघडले, मित्राबरोबर चहाला बाहेर गेलो, चारला परत आलो, रात्री जेवण खोलीत नेले, दोन वाजेपर्यंत फोन बघत होतो. चारही चाकांची विचारपूस करावी: त्या वेळी मनात काय चालले होते, कसे वाटत होते, अंगात काय जाणवत होते. भावना टाळू नयेत. रिअ‍ॅलिटी थेरपीत भावनांना जागा नाही हा गैरसमज आहे. भावना म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डवर लागलेला दिवा, तो पाहायचा असतो, फक्त त्याच्याकडे बघत बसून गाडी चालवायची नसते.

भूतकाळाविषयीही असेच. पुण्यातील चार वर्षांचे दुःख त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, पण तेथे मुक्काम करू नये. "त्या चार वर्षांत असा एखादा काळ होता का, जेव्हा तुमचा दिवस नीट जात होता? तेव्हा तुम्ही काय करत होता?" असा प्रश्न भूतकाळातूनही उपयोगाची गोष्ट वर आणतो.

चौथी पायरी: स्वतःचे स्वतः मोजणे

हीच या पद्धतीची मधली खुंटी आहे आणि नवशिक्यांच्या हातून बहुतेक वेळा येथेच सत्र निसटते. कारण सोपे आहे: तिसरी पायरी संपेपर्यंत समुपदेशकाला 'उत्तर' दिसू लागलेले असते. रात्री फोन कमी कर, सकाळी लवकर ऊठ, वडिलांशी बोल. हे सगळे त्या तरुणाला आई, मामा आणि शेजारी यांनी सांगून झालेले असते. आपण ते पाचव्यांदा सांगितले तर आपणही त्या रांगेत उभे राहतो.

माझ्या पहिल्या वर्षातील एक चूक सांगतो. एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस बसत असे. मुलाच्या अभ्यासावरून त्याच्यावर रोज ओरडणारी एक आई आली होती. नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणातील मुख्य प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता. "मग ओरडून काही उपयोग होतोय का?" असे मी विचारले. शब्द पुस्तकाबरहुकूम होते, पण सूर मुख्याध्यापकांचा होता. त्या बाईंनी मान खाली घातली, "नाही, माझंच चुकतंय" म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. त्या दिवशी मला वाटले होते की सत्र फारच छान झाले.

त्या प्रसंगानंतर मी दोन गोष्टी पाळतो. पहिली म्हणजे प्रश्न व्यक्तीवर न ठेवता कृती आणि इच्छा यांच्या मध्ये ठेवणे. आपल्या तरुणाला "हे वागणं बरोबर आहे का?" असे न विचारता असे विचारावे: "तुम्ही म्हणालात, आण्णांबरोबर बागेत जावंसं वाटतं. ते जाईपर्यंत खोलीत थांबल्यानं तुम्ही त्या बागेच्या जवळ जाता, का लांब?" मोजपट्टी त्याचीच आहे, आपण ती फक्त त्याच्या हातात दिली आहे. रात्रीच्या फोनविषयी असे विचारता येईल: "फोन बघण्यातनं काय मिळतं?" हा प्रश्न मनापासून विचारावा, कारण काहीतरी नक्कीच मिळत असते. तो म्हणेल, "डोकं शांत होतं." मग "ती शांतता सकाळपर्यंत टिकते का?" हा पुढचा प्रश्न रास्त ठरतो. "असंच दिवाळीपर्यंत चाललं तर तुम्हाला चालेल का?" हा प्रश्नही उपयोगी आहे, त्याचे उत्तर कधीकधी "हो, चालेल" असे येते आणि तेही मान्य करावे लागते, कारण नाही म्हणण्याची मुभा नसेल तर ते मूल्यमापन नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे होकार तपासणे. आपल्याकडे शिक्षक, डॉक्टर आणि साहेब यांच्यासमोर "हो" म्हणणे हा शिष्टाचार आहे. "हो मॅडम, तुमचं बरोबर आहे" हे वाक्य ऐकले की समुपदेशकाने सावध व्हावे, कारण 'तुमचं' हा शब्दच सांगतो की निर्णय कोणाचा झाला. खरे मूल्यमापन बहुधा अडखळत येते, त्यात स्वतःचे तपशील असतात आणि वाक्य 'मी'ने सुरू होते: "म्हणजे मी आण्णांना टाळतोय, आणि वर म्हणतोय ते बोलत नाहीत." असे वाक्य येईपर्यंत थांबावे. प्रश्नानंतरची शांतता नवशिक्याला असह्य होते. ती मोडू नये. पाण्याचा घोट घ्यावा, पण बोलू नये.

वुबोल्डिंग यांनी वेगवेगळ्या देशांत ही पद्धत शिकवताना प्रश्नांची धार संस्कृतीप्रमाणे कमी-जास्त करावी असे सुचवले आहे, आणि आपल्यालाही ते लागू पडते. वयाने मोठ्या व्यक्तीला थेट "उपयोग होतो का?" असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, "आतापर्यंत जे जे करून पाहिलंत, त्यातलं काय लागू पडलं आणि काय नाही, ते मला सांगाल का?" असे विचारले की तोच प्रश्न अनुभवाची चौकशी होऊन जातो.

पाचवी पायरी: योजना

चांगली योजना साधी, झेपणारी, मोजता येणारी, लगेच सुरू होणारी, स्वतःच्या हातातली आणि पुन्हा पुन्हा करता येणारी असावी, आणि करणाऱ्याने ती मनापासून कबूल केलेली असावी. यांतील दोन गुणांवर थोडे थांबू.

'मोजता येणारी' म्हणजे काय हे सांगलीकरांना वेगळे शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागले की "खूप वाढलंय" या बातमीने येथे कोणाचे समाधान होत नाही. आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले हाच प्रश्न असतो. योजनेलाही तोच निकष लावावा. "फोन कमी बघणार" हे 'खूप वाढलंय'सारखे आहे. "आज आणि उद्या रात्री साडेअकराला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणार" यात फूट आहेत.

'स्वतःच्या हातातली' हा गुण दिसतो त्याहून कठीण आहे. आपल्या तरुणाने लिहिले: "गुरुवारी सकाळी आण्णांबरोबर बागेत जाणार आणि परीक्षेचा विषय काढणार नाही." यात दुसरा भाग 'न करण्याचा' आहे, न करण्याच्या योजना टिकत नाहीत, म्हणून त्याच्या जागी काय करायचे ते विचारावे. त्याने बदल केला: "या वर्षी डाऊनीला (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला) काय फवारलं, हे विचारणार." योजना त्याच्या अक्षरात, त्याच्या वहीत लिहून घ्यावी. पहाटे पाचला उठून दहा तास अभ्यास करण्याचा प्रस्ताव आला तर त्याचे कौतुक करू नये, उलट ती योजना इतकी लहान करावी की न जमणे कठीण व्हावे. "प्रयत्न करतो" हे उत्तर आल्यास "प्रयत्न करणार का करणार?" असा प्रश्न हसत विचारता येतो, पण नाते पुरेसे जुळले असेल तरच.

पुढच्या भेटीत

सात दिवसांनी तो येतो. फोन दोन रात्रींपैकी एकदाच स्वयंपाकघरात गेला. गुरुवारी तो साडेसहाला उठला, तर आण्णा फवारणीसाठी साडेपाचलाच निघून गेलेले.

अशा वेळी 'का' हा शब्द टाळावा. "का नाही केलं?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सबब, आणि सबब मागितली की ती मिळतेच. "काय झालं?" असे विचारावे आणि नंतर "आता काय करायचं?" असे. ग्लासर यांनी सबबी न स्वीकारणे, शिक्षा न करणे आणि हार न मानणे असे तीन नियम एकत्र सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच लक्षात ठेवणारे समुपदेशक कठोर होतात. जी एक रात्र जमली तिच्याविषयी आधी विचारावे: त्या रात्री वेगळे काय केले होते? येथे योजनेतील दोषही उघड होतो. आण्णांची निघण्याची वेळ त्याच्या हातात नव्हती, म्हणजे योजना अर्धी दुसऱ्याच्या हातात होती. तो स्वतःच सुचवतो की दुपारचा डबा आई गड्याबरोबर पाठवते, तो आपण नेऊ. ही योजना पहिल्यापेक्षा चांगली आहे, आणि ती न जमलेल्या योजनेतूनच आली आहे. सुरुवातीची तीन-चार सत्रे आठवड्याच्या अंतराने ठेवून पुढे अंतर पंधरा दिवसांचे करावे.

कोठे थांबावे

ग्लासर यांनी मानसिक आजाराच्या रूढ संकल्पनेवर आणि मनोविकारांवरील औषधांवर कडक टीका केली. त्यांच्या पद्धतीतील प्रश्न घ्यावेत, ही भूमिका मात्र घेऊ नये. तीव्र नैराश्य, भास, संशयाने पछाडणे, उन्माद किंवा दारू सोडताना होणारा शारीरिक त्रास दिसला तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच समुपदेशकाचे काम आहे. चालू औषधे थांबवण्याविषयी एक शब्दही बोलू नये. डोकेदुखी किंवा छातीत धडधड ही 'मागच्या चाकाची' आहे असे ठरवण्याआधी डॉक्टरांनी तपासलेले असावे. शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. हा क्रमांक प्रत्येकाच्या वहीत पहिल्या दिवशी लिहून द्यावा. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या घरात पोलिसांची भीती मोठी असते आणि त्या भीतीने उपचार टाळले जातात. अशा वेळी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरतो, हे घरच्यांना सांगावे.

दुसरी मर्यादा अन्यायाची आहे. मार खाणाऱ्या स्त्रीला "तुमच्या हातात काय आहे?" असे विचारणे म्हणजे माराची जबाबदारी तिच्यावर टाकण्यासारखे आहे, तेथे आधी सुरक्षिततेचा बंदोबस्त, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि विश्वासाचे माणूस, आणि बाकी सगळे नंतर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनी ते निवडले नव्हते. कर्ज, जात आणि गारपीट यांचेही तसेच. निवडीची भाषा तेथे फार जपून वापरावी लागते, आणि कित्येकदा समुपदेशकाचे पहिले काम अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा हे शोधून देणे, इतकेच असते.

सराव

कोणालाही समोर बसवण्याआधी हा प्रयोग स्वतःवर करावा. एक छोटी वही घ्यावी आणि सात दिवस रोज रात्री त्या दिवशीची तक्रार जशी मनात येते तशा शब्दांत पाच वाक्यांत लिहावी. मग 'मला', 'माझ्याकडून' आणि 'त्यांनी मला' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि प्रत्येक वाक्याखाली त्याचे 'मी'ने सुरू होणारे पुढचे वाक्य लिहावे. काही वाक्यांना असे पुढचे वाक्य सापडणार नाही. ती तशीच राहू द्यावीत. आठव्या दिवशी वही एखाद्या सहकाऱ्याला द्यावी, त्याला यातील एका वाक्यावर आराखड्याच्या चारही भागांचे अर्ध्या तासाचे सत्र घ्यायला सांगावे, आणि तो पहिल्यांदा सल्ला देईल तेव्हा घड्याळात किती मिनिटे झाली होती ते त्याच वहीत टिपून ठेवावे. नंतर खुर्च्या बदलाव्यात.